नौकाविहाराचा बेत आणि भुईगावचा किनारा

नियोजन हा शब्द ह्या देशातून हद्दपार झाला अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी यॉटवरून बेटे पाहत हिंडण्याच्या सुट्टीचा बेत कसा आखला जातो, ते एकदा बारकाईने पाहावे. १५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरून नियोजन आयोग गुंडाळण्याची घोषणा झाली आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला. पंचवार्षिक योजना बाराव्या आकड्यावर थांबल्या. परंतु आठवडाभराच्या नौकाविहाराची योजना आजही अशा काटेकोरपणे तयार होते, की आयोगाच्या जुन्या अधिकाऱ्यांनी तोंडात बोटे घालावीत. पहाटेचा मतलई वारा किती वाजेपर्यंत टिकतो, दुपारी दर्यावरून येणारा वारा शिडात कधी भरतो, उधाणाची भरती कोणत्या तिथीला आणि भांगाची कोणत्या, रात्री नांगर कोठे टाकावा, तेथला तळ चिखलाचा की खडकाचा, गोडे पाणी किती न्यावे, बर्फ किती, मद्य किती. सारे काही आधी ठरलेले असते. साधनांची मोजदाद, अग्रक्रमांची निश्चिती आणि संकटकाळासाठी राखीव तरतूद ही नियोजनाची तीनही अंगे तेथे शाबूत आहेत. प्रश्न एवढाच, की हे नियोजन कोणाच्या सोयीसाठी आणि कोणाच्या किनाऱ्यावर होते.

मुंबईहून निघणाऱ्या अशा सहलीचा मार्ग बहुधा दक्षिणेचा असतो. गेटवेपासून घारापुरी, मग मांडवा, पुढे खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा, मुरुडचा जंजिरा आणि पद्मदुर्ग. सवड आणि पैसा अधिक असल्यास हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग. महाराष्ट्राच्या आरमारी इतिहासाची ही सारी नावे नौकाविहाराच्या बेतात मुक्कामाची ठिकाणे म्हणून येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. तेव्हापासून ह्या बेतांना एक सांस्कृतिक झिलईही चढली आहे. समुद्रावरून पाहिले की किल्ला सुंदर दिसतो, ह्यात शंका नाही. मात्र समुद्रावरून गाव दिसत नाही, आणि दिसले तरी ते देखाव्याचा भाग म्हणून दिसते.

पहिल्याच मुक्कामाचे उदाहरण घ्यावे. घारापुरी बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. रात्री मुंबईचे दिवे तेथून स्पष्ट दिसतात. त्या दिव्यांची वीज समुद्राखालच्या साडेसात किलोमीटर लांबीच्या तारेतून बेटावर पोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडावे लागले. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. तोवर बेटावर लेणी पाहायला जगभरचे प्रवासी येत होते, सरकारी पाहुणे येत होते, आणि संध्याकाळी परतत होते. काळोख तेवढा रहिवाशांच्या वाट्याला राहत होता. म्हणजे पर्यटन आले की त्यापाठोपाठ सुविधा येतात, हा सिद्धांत मुंबईच्या उंबरठ्यावरच खोटा ठरला होता. ह्याच पाण्यात १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान नौका ‘नीलकमल’ ह्या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसे प्राणांस मुकली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्याची आठवण तेव्हा अनेकांना झाली. दोन अपघातांत सत्त्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. साध्या उतारूचा समुद्रप्रवास सुरक्षित करणे हे काम एवढ्या काळात पुरे झाले नाही, आणि यॉटसाठी बंदरे बांधण्याची मात्र घाई सुरू झाली.

त्या घाईचा पुरावा आकड्यांत आहे. २०२५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने मुंबई बंदरात यॉटसाठी मरीना उभारण्याचा प्रकल्प पुढे आणला. एकंदर गुंतवणूक सुमारे ८८७ कोटी रुपये. नौकांची संख्या ४२४. ह्यांपैकी पाण्यातले मूळ बांधकाम, म्हणजे सुमारे ४७० कोटींचा भाग, मुंबई बंदर प्राधिकरणाने, अर्थात सार्वजनिक संस्थेने करावयाचा आणि उरलेला, किनाऱ्यावरचा, मिळकतीचा भाग खासगी चालकाने. भागाकार करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एक यॉट उभी करण्याच्या जागेमागे सार्वजनिक खजिन्यातून सुमारे एक कोटी दहा लाख रुपये! एखाद्या मच्छीमार गावाने मासळी उतरवण्यासाठी धक्का मागितला, की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, पर्यावरणाची परवानगी आणि निधीची अनुपलब्धता अशा चार पायऱ्यांवर त्याचा अर्ज वर्षानुवर्षे खालीवर करीत राहतो. मरीनाच्या कागदाला त्या पायऱ्या नसाव्यात.

आता ह्या ४२४ नौका उभ्या राहिल्या, तर त्या शनिवार-रविवारी जाणार कोठे? दक्षिणेचा मार्ग गजबजलेला आहे. मांडव्याला २०२० पासून मोटारी वाहून नेणारी रो-रो चालते आणि अलिबागचा किनारा तर बंगल्यांनी केव्हाच व्यापला. म्हणून बेत आखणाऱ्याची नजर उत्तरेकडे वळणे क्रमप्राप्त आहे. उत्तरेस वसईची खाडी, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा कोट, मग रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर अशी सुरूच्या बनांची ओळ, आणि शेवटी वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळ्याचे बेट. कागदावर हा दोन दिवसांचा झकास बेत आहे. भुईगावच्या संबंधात हा प्रश्न आजच उपस्थित करण्याचे कारण हेच, की मरीनाचे कंत्राट निघाल्यानंतर किनाऱ्यावरची गावे जागी झाली तर त्यांच्या हाती फक्त हरकतीचा अर्ज उरतो.

भुईगावच्या किनाऱ्याची जातच यॉटला परकी आहे. शिडाच्या मध्यम यॉटचा कणा पाण्याखाली सुमारे दोन मीटर असतो. भुईगावला ओहोटी लागली की समुद्र शेकडो पावले मागे सरतो आणि वाळू-चिखलाचे सपाट, ओले मैदान उघडे पडते. उधाणाच्या दिवसांत ह्या भागातील भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. त्या मैदानावर पाणपक्षी उतरतात, कोणी कालवे-तिसऱ्या वेचतो, खाडीच्या तोंडाशी खारफुटी आहे. बेत आखणाऱ्याच्या दृष्टीने ही निरुपयोगी जागा आहे. तिला उपयोगी करायचे, तर तळ उपसून खोल करावा लागेल, लाटा अडवायला दगडी बांध घालावा लागेल, आणि उपसलेला गाळ कोठेतरी टाकावा लागेल. समुद्रात एका ठिकाणी बांध घातला की किनाऱ्यालगत वाहणारी वाळू तेथे अडते आणि पुढच्या गावाचा किनारा उपाशी राहून झिजू लागतो, हे शास्त्र आता नवे राहिलेले नाही. भुईगावचा बांध कळंबच्या किंवा रानगावच्या घरात पाणी आणणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे.

आणि ह्या सपाट किनाऱ्यापलीकडचे पाणी तरी मोकळे आहे काय? यॉटच्या नकाशात ते निळे आणि रिकामे असते. प्रत्यक्षात वसई, नायगाव, अर्नाळा येथील कोळ्यांच्या डोल जाळ्यांच्या जागा त्या पाण्यात ठरलेल्या आहेत. समुद्राच्या तळाशी खुंटे रोवून, प्रवाहाच्या तोंडी पिशवीसारखे जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, करंदी, जवळा त्यात यायचा, अशी ही मासेमारी आहे. तिच्या कवींच्या जागांवरून वसई-उत्तनचे कोळी आणि उत्तरेकडचे सातपाटीचे कोळी ह्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे, तंटे झाले आहेत, सरकारी बैठका झाल्या आहेत. हा वाद ज्यांना मागासपणा वाटतो त्यांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीचे काम पाहावे. सामाईक साधनसंपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम घडवून ती टिकवू शकतात, हे तिने जगभरच्या उदाहरणांनी दाखवले आणि त्यासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिला मिळाले. ज्या पाण्यावरून भांडण होते, त्या पाण्याला हक्क आणि हद्द आहे, एवढे तरी भांडणातून सिद्ध होते. रिकामे असते तर कोण कशाला भांडले असते?

हंगामाची गोष्टही तशीच. यॉटचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते मे. १ जून ते ३१ जुलै ह्या बंदीच्या काळात कोळ्याची होडी किनाऱ्यावर शाकारलेली असते. म्हणजे त्याच्या कमाईचे महिनेही तेच. हिवाळ्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकतात, त्याच महिन्यांत पर्यटकाला किनारा स्वच्छ आणि वासरहित हवा असतो. आज जो किनारा बोंबिलाच्या वासासकट कोळणीचा आहे, त्यावर उद्या ‘दर्जेदार पर्यटना’च्या नावाने वलांड्या हटवण्याची नोटीस लागली, तर कोणाला नवल वाटू नये.

वसईचा पश्चिम पट्टा पर्यटनाला नवखा नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा ह्या गावांत एक दिवसाच्या सहलीची रिसॉर्टे उभी राहून बराच काळ लोटला. पोहण्याचे तलाव आले, कर्णे आले, शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या रांगा आल्या. ह्या रिसॉर्टांना लागणारे पाणी आकाशातून पडत नाही. पानवेली, केळी, भाजी आणि फुले पिकवणाऱ्या वाड्या ज्या भूजलावर जगतात, तेच पाणी उपसावे लागते. वसईच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बावखले राखली ती उगाच नाहीत. पावसाचे गोडे पाणी त्यांतून जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला रोखून धरते. बावखल बुजवले आणि विहिरीला पंप लावला की खारे पाणी आत सरकते. १९८० च्या दशकात टँकरवाल्यांनी ह्या पट्ट्यातील विहिरी उपसायला सुरुवात केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचे आंदोलन उभे केले, ते ह्याच कारणासाठी. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. जमिनीच्या बाजूने आलेल्या संकटाशी ते लढले. समुद्राच्या बाजूने येणारे संकट अंगावर आले तर त्याला तोंड देण्याचे काम मागे राहिलेल्यांचे आहे.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातील. त्यांतला पहिला रोजगाराचा. यॉट आली की खलाशी लागतील, दुरुस्तीची कामे निघतील, खानावळी चालतील, असे सांगितले जाते. त्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोळ्यांची पोरे उत्तम खलाशी आहेत. वारा आणि प्रवाह त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. परंतु ज्या घरात आज नाखवा आहे, म्हणजे होडीचा मालक आहे, त्याच घरातला मुलगा उद्या दुसऱ्याच्या यॉटवर गणवेश घालून दोर ओढणार असेल, तर त्याला रोजगार मिळाला असे म्हणावे की त्याची मालकी गेली असे म्हणावे? रोजगाराच्या आकड्यात हा फरक दिसत नाही. विकासाच्या हिशोबात उत्पादनाच्या साधनावरील मालकीचा रकाना गाळला, की प्रत्येक विस्थापन हे रोजगारनिर्मिती म्हणून दाखवता येते.

दुसरा आक्षेप कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून विहारनौकांवरील वस्तू व सेवा कर चाळीस टक्के झाला. पूर्वी तो अठ्ठावीस टक्के अधिक तीन टक्के उपकर असा होता. मासेमारीच्या नौकेवर मात्र पाचच टक्के आहे. तेव्हा श्रीमंत आपला वाटा भरतातच, मग तक्रार कशाची, असा युक्तिवाद केला जातो. चाळीस टक्के कर लावला हे योग्यच झाले. पण नौकेच्या खरेदीवरचा कर हा नौकेची किंमत पाहून घेतला जातो. किनाऱ्याची किंमत त्यात धरलेलीच नसते. ओहोटीचे मैदान, खारफुटी, डोल जाळ्याची जागा, गोड्या विहिरी ह्यांचे मोल कोणत्याही पावतीवर छापलेले नाही, म्हणून ते शून्य ठरते. जे साधन फुकट ठरते, ते सर्वांत आधी ज्याच्या हाती सत्ता त्याच्याकडे जाते. हे सांगायला मार्क्सच्या ग्रंथांची पाने उलटण्याची गरज नाही, वसईच्या तलाठ्याच्या दप्तरातही त्याचे पुरावे सापडतील.

तिसरा आक्षेप सर्वांत हलका, पण सर्वाधिक ऐकू येणारा: समाजवाद्यांना दुसऱ्याची चैन पाहवत नाही. १८९९ मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेनने दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तेव्हा त्याच्यावरही हाच आरोप झाला होता. आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत उभे राहून म्हणाले, की देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात, तेव्हाही सत्ताधाऱ्यांनी त्यात मत्सरच पाहिला. सरकारने तीन आण्यांऐवजी पंधरा आणे असा आकडा पुढे केला. लोहियांच्या म्हणण्याचा गाभा मात्र आकड्यापलीकडचा होता. थोड्यांच्या खर्चाची पातळी हीच देशाच्या साधनांची दिशा ठरवते. कोठे रस्ता होईल, कोठे धरण, कोठे विमानतळ, हे त्यावरून ठरते. लोहिया आज असते तर त्यांनी ह्या यादीत मरीना घातला असता.

चैनीचा प्रश्न वेगळा काढला, तर शिडाची नौका ही मुळात वाईट गोष्ट नाही. ती माणसाने घडवलेल्या सुंदर वस्तूंपैकी एक आहे. वसईला तर पोर्तुगीज अमदानीत जहाजे बांधली जात. ह्या किनाऱ्यावर इंजिने येण्यापूर्वी कोळ्यांची सारी मासेमारी शिडावरच चालत असे, आणि गलबते, मचवे, पडाव कोकणपट्टीचा माल वाहत. शहरातल्या कारकुनाला, गिरणगावातल्या कामगाराच्या मुलाला, वसईच्या शाळेतल्या पोरीला चार दिवस समुद्रावर जाऊन बेटे पाहावीशी वाटणे ह्यात गैर काय आहे? ही इच्छा श्रीमंतांची मक्तेदारी नाही. मुंबई-गोवा बोटीने, कोकणसेवकाच्या डेकवर वळकटी पसरून, हजारो कोकणी माणसांनी रात्र काढली आहे. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण ही बंदरे त्यांनी तांबड्या पहाटे पाण्यावरूनच पाहिली. त्या बोटी बंद झाल्या, तेव्हा नियोजनकारांपैकी कोणाला हळहळ वाटल्याचे दिसले नाही.

आणि खरे तर बेटे पाहण्याची लोकांची व्यवस्था आजही कोकणात आहे. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला नेणाऱ्या शिडाच्या होड्या पाहाव्यात. तेथल्या नावाड्यांच्या सहकारी सोसायट्या आहेत. होडी पाळीने सुटते, भाडे ठरलेले असते, आणि दरवाजाशी होडी लावताना लाट ओळखण्याचे कसब पिढीजात आहे. मालवणला सिंधुदुर्गासाठी होडीवाल्यांची संघटना आहे. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवाल्यांचीही सहकारी संस्था आहे. त्यांच्यात दोष नाहीत असे नाही. कधी बोटीत माणसे अधिक भरतात, कधी जाकिटे अपुरी असतात, कधी सभासदत्व ठरावीक घरांच्या बाहेर जात नाही. पण दोष सुधारता येतात, कारण चालक तेथलाच आहे आणि त्याला जाब विचारता येतो. बेटांचे पर्यटन वाढवायचे असेल, तर ह्या संस्थांना कमी व्याजाचे कर्ज, चांगल्या नौका, वीजरोधक डोलकाठ्या, बिनतारी संदेशयंत्रे आणि प्रशिक्षण देण्यात ४७० कोटींचा किती हिस्सा लागला असता, ह्याचा हिशोब कोणी केलेला दिसत नाही. वसईलाही असे काम सुरू करता येईल. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, २०२५ च्या एप्रिलात विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूला दुसरी. म्हणजे लोकांसाठी पाण्याची वाट काढता येते, हे सिद्ध आहे. त्याच वाटेवर अर्नाळा, वसई किल्ला आणि पलीकडची उत्तन-गोराई जोडणारी, कोळ्यांच्या सहकारी संस्थांनी चालवलेली उतारूंची बोट का असू नये?

कायद्याच्या बाजूनेही परिस्थिती डोळे उघडे ठेवून पाहण्याजोगी आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत बांधकामाला बंदी घातली होती. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसे राहतात तेथे, ही मर्यादा पन्नास मीटरवर आणली. सांगितले गेले, की कोळ्यांना घरे बांधता यावीत. घरे बांधता आली पाहिजेत, ह्यात वाद नाही. परंतु सवलत घराच्या नावाने दिली जाते आणि ती वापरतो हॉटेलवाला, हा अनुभव जुना आहे. ह्याउलट एक भक्कम आधारही आहे. १९९६ मध्ये हिमाचलातील बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की समुद्रकिनारा, वाहते पाणी, जंगल ह्यांची मालकी शासनाकडे विश्वस्त म्हणून असते आणि विश्वस्ताला ती खासगी मालकीत बदलून टाकता येत नाही. वसईच्या कार्यकर्त्यांनी हा निकाल वाचलेला असावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ह्या समुद्रात ‘कार्ताझ’ची, म्हणजे परवान्याची, पद्धत चालवली होती; त्यांचा परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. जेथे यॉट उभ्या राहतात ते पाणी सुरक्षेच्या नावाने ‘राखीव’ होते, आणि मग जेथे आजोबाने जाळे लावले तेथे जाण्यासाठी नातवाला पास घ्यावा लागतो. कार्ताझ अशा रीतीनेही परत येऊ शकतो.

परदेशांत हे घडून चुकले आहे. यॉटवरून बेटे हिंडण्याचे माहेरघर म्हणजे ग्रीस. त्याच ग्रीसमधील पारोस बेटावरचे रहिवासी २०२३ च्या उन्हाळ्यात टॉवेल घेऊन आपल्याच किनाऱ्यावर उतरले आणि निदर्शने केली, कारण भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी त्यांना बसायला वाळू उरली नव्हती. जवळचे उदाहरण गोव्याचे. जुआरीकाठच्या नावशी गावातील मच्छीमारांनी मरीनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. उपजीविकेचे पाणी विहाराला देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. नावशीचा आकार भुईगावहून मोठा नाही.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. किनाऱ्याच्या सार्वजनिकतेचा घोष नेहमी गरिबांच्याच तोंडी असतो असे नाही. कुलाब्याच्या रेडिओ क्लबजवळ २२९ कोटींची प्रवासी जेट्टी होऊ घातली, तेव्हा न्यायालयात गेले ते तेथले सधन रहिवासी. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्प मान्य केला, मात्र प्रवाशांच्या सोयीपलीकडच्या वापरांवर अटी घातल्या; सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. तेव्हा ‘जेट्टी नको’ ही घोषणा आपोआप पुरोगामी होत नाही. धक्का लोकांसाठी असेल, तर तो हवाच. वसईतील काही कार्यकर्ते प्रत्येक बांधकामाला सरसकट नकार देऊन मोकळे होतात. गावातला विशी-पंचविशीचा तरुण मग त्यांच्यापासून दुरावतो, कारण त्याला नकारावर जगता येत नाही. त्याला घरच्या अंगणात पाहुणे ठेवायचे असतात, होडी चालवायची असते, चार पैसे मिळवायचे असतात. त्याच्या हातात सहकारी संस्थेचा अर्ज द्यायला कोणी गेले नाही, तर त्याच्या हातात दलालाचे कार्ड देणारा नक्की जाईल.

पालघर जिल्ह्यात वाढवणचे ७६,२२० कोटींचे बंदर येत असताना, जून २०२४ मध्ये त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेली असताना, चार-दोन यॉटची चिंता कशाला, असाही प्रश्न कोणी करील. वाढवणचे संकट अर्थातच शतपट मोठे आहे. पण मोठ्या बंदरावर सभा होतात, मोर्चे निघतात, वर्तमानपत्रे लिहितात. छोटा धक्का गुपचूप येतो. पर्यटन विभागाच्या एखाद्या आराखड्यात ‘जलक्रीडा सुविधा’ ह्या दोन शब्दांत तो मावतो, आणि महापालिकेच्या सभेत हातावर हात मारून मंजूर होतो. २००९ मध्ये महापालिका आली तेव्हा पश्चिम पट्ट्यातील गावांनी तिला विरोध केला, त्यामागे हीच धास्ती होती: गावाचा निर्णय गावाबाहेर होईल.

म्हणून मागण्या आजच आणि नेमक्या शब्दांत मांडल्या गेल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून जो धक्का होईल, त्यावर पहिला हक्क मासळीच्या होडीचा, दुसरा उतारूंच्या बोटीचा. विहारनौकेला जागा उरली तर तिने पूर्ण खर्चाइतके भाडे मोजावे. ओहोटीच्या मैदानाचा, खारफुटीचा आणि डोल जाळ्यांच्या जागांचा नकाशा गावकऱ्यांनी, कोळ्यांच्या संस्थांनी स्वतः तयार करून सरकारदरबारी नोंदवावा. सरकारी नकाशा निघण्याची वाट पाहू नये. किनाऱ्याचा कोणताही तुकडा भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी त्या गावची सभा भरलीच पाहिजे, मग गाव महापालिकेत असो वा ग्रामपंचायतीत.

आणि वसईच्या उत्तर टोकाला अर्नाळ्याचे बेट आहे. त्या बेटावर किल्ला आहे, कोळीवाडा आहे, स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. लाटांनी त्याचा किनारा खचत आला आहे. बेटावरची माणसे रोजच बेटभ्रमण करतात: शाळेला, दवाखान्याला, बाजाराला. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून होडी गाठणे त्यांच्या पिढ्यांनी सोसले आहे. बाळंतिणीने, म्हाताऱ्याने, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीने. यॉटच्या बेतात अर्नाळ्याच्या नावापुढे नांगर टाकण्याची वेळ लिहिलेली असते. अर्नाळ्याच्या कोळणीला होडीत कोरड्या पायांनी कधी चढता येईल, ती तारीख सरकारने आधी लिहावी.